खेकड्यांवर परजीवींचा अभ्यास करताय? मग या चुका टाळा

खेकडा छोटा, डब्यात मावतो, खायला फार नखरे नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटतं हे मॉडेल सोपंय. खेकडा सोपाच आहे हो, त्याच्या आत बसलेला परजीवी सोपा नाही, आणि तिथेच नवीन पोरं आपटतात.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे बाहेरून पकडून आणलेला खेकडा उलटा करायचा, पोटाच्या झडपेखाली पिशवी दिसली नाही की लगेच 'क्लीन' लिहून कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या परजीवी नसलेल्या ग्रुपमध्ये, टाकायचा. अरे बाबांनो, सॅक्युलिना काय किंवा लॉक्सोथायलॅकस काय (दोन्ही खेकड्यात राहणारे बार्नेकल जातीचे परजीवी), आधी आतल्या आत मुळांसारखा पसरतो, ती पिशवी म्हणजे एक्स्टर्ना बाहेर यायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. आमच्या लॅबमध्ये एका पोराला सेमिनारची घाई होती, त्याने हॅरिस मड क्रॅब (चिखलातले छोटे खेकडे) आणले, वरवर बघितले आणि प्रयोग सुरू. दोन्ही ग्रुपची वाढ सारखीच येतेय म्हणून स्वारी खूश, परजीवीचा खेकड्यावर काहीच परिणाम होत नाही असा ग्राफसुद्धा तयार! मग एकदा पाणी बदलताना कंट्रोलमधला एक खेकडा सहज उलटा केला तर झडपेच्या कडेने इवलीशी पिवळट पिशवी डोकावतेय, शेजारच्या डब्यात तेच, त्याच्या पुढच्यात पण तेच. सगळा डेटा पाण्यात.

मी स्वतः शक्यतो अंड्यांपासून लॅबमध्येच वाढवलेले खेकडे वापरते. झोइया या पिल्लाच्या ४ अवस्था, मग मेगालोपा ही पिल्लाची शेवटची अवस्था, रोज ताजे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले झिंगे) द्या, कटकट आहेच, पण कुंडली माहीत असते. ते जमत नसेल तर निदान एक-दोनदा कात टाकेपर्यंत वेगळे ठेवा आणि प्रयोग संपल्यावर कंट्रोलचे सगळे खेकडे कापून बघा किंवा पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधायची चाचणी) करा. सगळे म्हणजे सगळे, निवडक नाही.

दुसरा माझा लाडका घोळ, एक्स्टर्नाला अंडी समजणं. अंड्यांचा घोस दाणेदार असतो आणि झडपेखालच्या पायांच्या केसांना चिकटलेला असतो, एक्स्टर्ना गुळगुळीत, एकाच देठावर लटकलेली. झडप रुंद दिसली म्हणून मादी असंही लिहू नका, सॅक्युलिना नराची झडप पण रुंद करून टाकते. झडप उघडून खालचे अवयव भिंगातून बघायला मिनिटभर लागतं, तेवढंही जमत नसेल तर काय बोलणार.

एका टाकीत दहा खेकडे ठेवू नका. कात टाकलेला मऊ खेकडा बाकीचे खाऊन टाकतात आणि वहीत 'मृत्यू, कारण परजीवी' अशी नोंद होते. एक खेकडा एक डबा, आणि डब्यात पडलेली कात बघून खेकडा मेला म्हणून रडू नका, तो कोपऱ्यात लपलेला असतो.

खारटपणाचं तर विचारूच नका. हॅरिस मड क्रॅब जवळजवळ गोड्या पाण्यातही मजेत राहतो, म्हणून लोक पाणी मोजतच नाहीत, पण लॉक्सोथायलॅकसचे लार्व्हा (पिल्लं) १० पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात १० भाग मीठ) खाली नीट जगत नाहीत. मग इन्फेक्शन होत नाही आणि निष्कर्ष काय, तर खेकडा रेझिस्टंट! परत परजीवीचा मादी सायप्रिड लार्व्हा, म्हणजे खेकड्याला जाऊन चिकटणारी अवस्था, नुकतीच कात टाकलेला खेकडा शोधतो, कडक कवचाच्या खेकड्यावर कितीही लार्व्हा सोडले तरी हाती फारसं काही लागत नाही.

पाय धरून खेकडा उचलू नका, पाय सोडून पळतो. तांब्याची औषधं टाकीत नकोत, खेकडेच मरतील. हिमोलिंफ (खेकड्याचं रक्त) दुधाळ नाही म्हणजे हेमॅटोडिनियम (रक्तातला एकपेशीय परजीवी) नाही असं नसतं, सुरुवातीला ते स्वच्छच दिसतं, स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघा. मेलेला खेकडा उद्या कापू म्हणून टाकीत सोडला तर उद्या आत ओळखण्यासारखं काही उरत नाही. आणि पीसीआर करायचा असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये नाही, इथेनॉलमध्ये ठेवा, लेबल पेन्सिलने लिहून आत टाका, मार्करची शाई इथेनॉलने धुऊन जाते.