ऐनवेळी रद्द होणारे तास: खासगी शिकवणी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

खासगी शिकवणीत ऐनवेळी रद्द झालेला तास बहुधा वायाच जातो, कारण दोन-तीन तासांच्या अवधीत ती वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याला देणे जवळजवळ अशक्य असते. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विद्यार्थ्याचे महिन्याला साधारण ८ तास होतात. त्यांतले २ बुडाले, तर त्याच्याकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा जातो आणि अभ्यासाची सलगता तुटते ती वेगळीच. पालक फी भरतात ती केवळ शिकवण्याची नसते, तर त्यांच्या पाल्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेचीही असते. ही गोष्ट पहिल्या तासाच्या आधी स्पष्ट झाली, तर पुढचे बहुतेक वाद उद्भवतच नाहीत; पहिला तास बुडाल्यावर सांगितलेला नियम मात्र कितीही रास्त असला, तरी पालकांना तो दंडासारखाच वाटतो.

नियम लेखी असावेत, पण ते एका पानाच्या आत बसावेत. तास रद्द करायचा असल्यास किती आधी कळवायचे, कोणी आणि कोणत्या मार्गाने कळवायचे, उशिरा कळवल्यास फीचे काय होईल, बदली तास केव्हा मिळेल आणि शिक्षकानेच तास रद्द केला तर काय, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्यात असली की पुरे. पूर्वसूचनेची मुदत २४ तासांची ठेवणे सोयीचे असते: पालकांना ती जाचक वाटत नाही आणि शिक्षकाला ती वेळ दुसऱ्या कोणाला देऊन पाहता येते. मजकूर साधा ठेवावा. उदाहरणार्थ, ‘तास रद्द करायचा असल्यास पालकांनी किमान २४ तास आधी संदेश पाठवून कळवावे. त्यानंतर रद्द झालेल्या तासाची पूर्ण फी लागू राहील. आजारपण किंवा कुटुंबातील आणीबाणीचा प्रसंग याला अपवाद आहे.’ हा मजकूर पाठवून त्यावर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. न कळवता विद्यार्थी आलाच नाही, तर शिक्षक किती वेळ वाट पाहील आणि उशिरा आल्यास तास ठरल्या वेळीच संपेल, हेही त्यातच नमूद करावे.

फी प्रत्येक तासानंतर घेण्यापेक्षा महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बुडालेल्या तासाचे पैसे नंतर मागणे दोन्ही बाजूंना अवघड जाते. आगाऊ फीमध्ये मागण्याचा प्रसंगच येत नाही, फक्त हिशेब सांगावा लागतो. शिवाय, पैसे आधी भरलेले असले की तास रद्द करण्यापूर्वी पालक दोनदा विचार करतात.

खरी गुंतागुंत बदली तासांत असते. ‘बघू, नंतर कधीतरी भरून काढू’ असे सौजन्याने म्हटले, की असे तास साचत जातात आणि परीक्षा तोंडावर आल्यावर चार-पाच पालक एकाच आठवड्यात आपापल्या तासांची मागणी करतात. तेव्हा शिक्षकाने स्वतःची सुट्टी मोडावी किंवा शब्द मोडावा, एवढेच पर्याय उरतात. म्हणून बदली तास केवळ मुदतीत कळवलेल्या रद्दीकरणासाठी द्यावा, तो त्याच महिन्यात किंवा फार तर पुढच्या दोन आठवड्यांत घ्यावा आणि महिन्याला अशा एकाच तासाची मर्यादा ठेवावी. आठवड्यातली एक ठराविक वेळ त्यासाठी मोकळी ठेवली, तर प्रत्येक वेळी नव्याने वेळ शोधत बसावे लागत नाही. शाळेच्या परीक्षा, सण आणि कुटुंबाचे प्रवास यांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घेतल्या, तर बरीचशी रद्दीकरणे वेळापत्रकातच सामावून जातात.

आजारी मुलाने केवळ फी वाया जाऊ नये म्हणून तासाला यावे, असा नियम कोणीही करू नये. आजारपणात, तसेच घरात मृत्यू किंवा अपघात झाला असता, फी लावण्याचा विचारही मनात आणू नये आणि पुरावाही मागू नये. इतर कारणांसाठी पहिल्या वेळी सूट द्यायला हरकत नाही, मात्र ती सूट आहे हे त्याच वेळी लिहून कळवावे: ‘या वेळची फी मी लावत नाही, पुढच्या वेळेपासून ठरल्याप्रमाणे नियम लागू राहील.’ एका कुटुंबाला वारंवार सवलत आणि दुसऱ्याला नियम, असे करू नये. पालक एकमेकांशी बोलतात आणि गेलेला विश्वास सहजी परत येत नाही.

रद्द केल्याचा संदेश आला, की त्याच क्षणी वाद घालू नये. संदेश मिळाल्याचे कळवावे, नियमानुसार फीचे काय होईल ते एका वाक्यात सांगावे आणि पुढच्या तासाची वेळ नक्की करावी. विद्यार्थी अल्पवयीन असेल, तर पैशांविषयीचा निरोप त्याच्यामार्फत कधीही पाठवू नये, कारण त्या ओझ्यामुळे मूल शिक्षकासमोर संकोचते. विद्यार्थ्याला प्रवास शक्य नसला, पण तब्येत ठीक असली, तर तोच तास ऑनलाइन घेण्याचा पर्याय सुचवावा.

प्रत्येक रद्द तासाची तारीख आणि कारण वहीत टिपून ठेवावे, कारण दोन महिन्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या की कल दिसू लागतो. चाचणी ठेवलेल्या दिवशीच तास बुडत असेल, तर गृहपाठ झालेला नसण्याची किंवा विषयाची भीती बसल्याची शक्यता मोठी असते, आणि तिथे फीचा नियम कडक करून काहीही साधत नाही. गृहपाठ कमी करून, मागच्या सोप्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. एखादा विशिष्ट वारच सतत अडत असेल, तर मुलाच्या दिवसात दुसरे काही कोंबले गेले आहे का, हे पालकांना विचारून वेळच बदलावी.

शिक्षकानेही तीच मुदत पाळली पाहिजे. ऐनवेळी स्वतः तास रद्द करावा लागला, तर बदली तास द्यावा किंवा फी परत करावी, आणि यातली निवड पालकांकडे सोपवावी.

इतके करूनही तास बुडतच राहिले, तर पालकांशी प्रत्यक्ष बोलून आठवड्यातील तास कमी करावेत किंवा शिकवणी थांबवावी. थांबवताना एक महिन्याची सूचना द्यावी, उरलेली आगाऊ फी परत करावी आणि कोणते प्रकरण पूर्ण झाले, कुठे कच्चेपणा आहे, हे लिहून द्यावे, म्हणजे नव्या शिक्षकाला तिथूनच पुढे शिकवता येईल.