युरोपीय संसदेच्या निवडणुकीत एका देशाचा निकाल कसा वाचावा

६ ते ९ जून २०२४ या चार दिवसांत युरोपीय संघाच्या २७ सदस्य देशांनी युरोपीय संसदेचे ७२० सदस्य निवडले. बातम्यांमध्ये ही एकच निवडणूक असल्यासारखी मांडली जाते आणि युरोप कोणत्या बाजूला झुकला, हे एका ओळीत सांगून टाकले जाते. प्रत्यक्षात या २७ वेगवेगळ्या निवडणुका असतात. प्रत्येक देशाचे पक्ष वेगळे, मतपत्रिका वेगळी, जागावाटपाचे गणित वेगळे आणि पुष्कळदा मतदाराचा रागही स्वतःच्या देशातील सरकारवरचा असतो. म्हणून एखाद्या देशाचा निकाल समजून घ्यायचा असेल, तर मतांच्या टक्केवारीपासून सुरुवात करू नये. आधी त्या देशाचे नियम पाहावेत, नंतर आकडे पाहावेत आणि निवडून आलेले सदस्य संसदेतील कोणत्या गटात जाऊन बसले, हे सर्वांत शेवटी पाहावे.

आधी नियम

सर्व देशांना बांधील असलेले समान नियम थोडेच आहेत. १९७६ च्या निवडणूकविषयक कायद्यानुसार आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनुसार निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या (मतांच्या प्रमाणात जागा) तत्त्वावर, म्हणजे पक्षांच्या उमेदवार-याद्यांद्वारे किंवा पसंतीक्रमाच्या मतदानाने घ्यावी लागते. जागा मिळण्यासाठी किमान मतांची अट घालायची असल्यास ती ५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि एकाच व्यक्तीला एकाच वेळी राष्ट्रीय संसद व युरोपीय संसद या दोन्हींचे सदस्य राहता येत नाही. बाकीचे बहुतेक सारे देशाच्या हाती असते. २०२४ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि माल्टा येथे १६ व्या वर्षापासून, ग्रीसमध्ये १७ व्या वर्षापासून आणि इतरत्र सर्वसाधारणपणे १८ व्या वर्षापासून मतदान करता आले. नेदरलँड्सने गुरुवारी, आयर्लंडने शुक्रवारी आणि बहुतेक देशांनी रविवारी मतदान घेतले. संपूर्ण संघातील शेवटचे मतदान संपेपर्यंत कोणत्याही देशाला अधिकृत निकाल जाहीर करता येत नाही, त्यामुळे रविवारी रात्रीपूर्वी हाती येणारे आकडे अंदाजाचे समजावेत.

यानंतर देशाला किती जागा आहेत, हे पाहावे. कोणत्याही देशाला ६ हून कमी आणि ९६ हून अधिक जागा मिळत नाहीत, आणि देश जसा मोठा तसा त्याचा एक सदस्य अधिक लोकांचे प्रतिनिधित्व करतो. ९६ जागांच्या जर्मनीत एका सदस्यामागे साडेआठ लाखांहून अधिक लोकसंख्या येते, तर ६ जागांच्या माल्टामध्ये एक लाखाहून कमी. त्यामुळे संपूर्ण युरोपातील मतांची बेरीज करून कोणत्या विचाराला किती पाठिंबा मिळाला, हे सांगण्याचा मोह टाळावा. मतांचे वजनच देशागणिक बदलते. देश एकच मतदारसंघ आहे की विभागलेला, हेही तपासावे. फ्रान्स व स्पेन हे संपूर्ण देशाचा एक मतदारसंघ धरतात, इटलीत ५ मतदारसंघ आहेत, आणि बेल्जियममध्ये भाषेनुसार मतदार विभागलेले असून जर्मनभाषक समूह आपला केवळ एक सदस्य निवडतो.

जागावाटपाचे गणित

निकालाचा अर्थ खरोखर येथे ठरतो, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. अनेक देशांत द'हाँट पद्धत वापरली जाते: प्रत्येक यादीच्या मतांना १, २, ३ असे क्रमाने भागायचे आणि जे भागाकार सर्वांत मोठे येतील त्यांना जागा द्यायच्या. सेंत-लाग्यू पद्धतीत हेच १, ३, ५ अशा विषम संख्यांनी करतात. फरक किरकोळ भासतो, पण कागदावर एकदा करून पाहिल्यास तो मनात पक्का बसतो. समजा, ६ जागांसाठी १,००,००० मते पडली. चार याद्यांना अनुक्रमे ४०,०००, २६,०००, १८,००० आणि ९,००० मते मिळाली व उरलेली ७,००० अनेक छोट्या याद्यांत विखुरली. द'हाँट पद्धतीने ४०,०००, २६,०००, २०,०००, १८,०००, १३,३३३ आणि १३,००० हे सहा सर्वांत मोठे भागाकार येतात. म्हणजे पहिल्या यादीला ३, दुसरीला २, तिसरीला १ जागा मिळते आणि चौथी रिकाम्या हाताने परतते. सेंत-लाग्यू पद्धतीने मात्र पहिल्या यादीचा तिसरा भागाकार ८,००० वर अडतो, चौथ्या यादीच्या ९,००० मतांना जागा मिळते, आणि वाटप २, २, १, १ असे होते. मतदारांनी काहीही बदललेले नसताना पहिल्या पक्षाची निम्मी ताकद एक तृतीयांशावर येते.

त्यावर किमान मतांची अट येऊन बसते. २०२४ च्या फ्रान्स आणि जर्मनीच्या निकालांची तुलना मला या दृष्टीने सर्वांत बोलकी वाटते. फ्रान्समध्ये ५ टक्क्यांची अट व द'हाँट पद्धत आहे. तेथे नॅशनल रॅली या कडव्या उजव्या पक्षाच्या यादीला ३१.३७ टक्के मते आणि ८१ पैकी ३० जागा मिळाल्या, म्हणजे सुमारे ३७ टक्के जागा. याचे मुख्य कारण असे की ५ टक्क्यांचा टप्पा केवळ ७ याद्यांनी ओलांडला. त्यांच्या मतांची बेरीज ८८ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि उरलेल्या सुमारे १२ टक्के मतांच्या वाट्याच्या जागा या सातांतच वाटल्या गेल्या. जर्मनीत संविधान न्यायालयाने २०११ मध्ये ५ टक्क्यांची आणि २०१४ मध्ये ३ टक्क्यांची अट रद्द केली, आणि वाटप सेंत-लाग्यू पद्धतीने होते. तेथे पहिल्या क्रमांकावरील सीडीयू-सीएसयू या जोडपक्षांना ३० टक्के मतांवर ९६ पैकी २९ जागा मिळाल्या, म्हणजे जवळजवळ तंतोतंत प्रमाणात, आणि एक टक्क्याहूनही कमी मते मिळालेल्या पक्षांचेही एकेक सदस्य निवडून आले. जवळपास सारख्याच पाठिंब्यातून दोन देशांनी इतके वेगळे प्रतिनिधित्व घडवले, हे लक्षात न घेता केवळ जागा मोजणारे विश्लेषण मी अपुरे मानतो.

आयर्लंड आणि माल्टा येथे मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतात. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एकाने अधिक संख्येने भागून, पूर्णांकात १ मिळवून विजयाचा कोटा काढला जातो, आणि मतमोजणीच्या फेऱ्या अनेक दिवस चालू शकतात. येथे पहिल्या पसंतीची टक्केवारी हा केवळ आरंभ असतो.

मतदानाचे प्रमाण आणि तुलना

२०२४ मध्ये संपूर्ण संघात मतदान ५१ टक्क्यांच्या जवळ राहिले. पण बेल्जियममध्ये ते सुमारे ८९ टक्के आणि क्रोएशियात सुमारे २१ टक्के होते. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचे आहे आणि त्याच दिवशी तेथील संघीय व प्रादेशिक निवडणुकाही होत्या. मात्र सक्ती हे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे, कारण बल्गेरियात मतदान कागदोपत्री सक्तीचे असून आणि त्याच दिवशी राष्ट्रीय संसदेचीही निवडणूक असूनही केवळ एक तृतीयांश मतदार आले.

तुलना नेहमी मागील युरोपीय निवडणुकीशी करावी, राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीशी नव्हे. या निवडणुकीतून देशाचे सरकार बनत नाही, म्हणून लोक सरकारी पक्षाला फटका देण्यास आणि एरवी टाळलेल्या पक्षाला आजमावण्यास अधिक तयार असतात. १९७९ च्या पहिल्या थेट निवडणुकीनंतर अभ्यासकांनी हे लगेच टिपले होते. फ्रान्समध्ये नॅशनल रॅली, आधीचा नॅशनल फ्रंट, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही युरोपीय निवडणुकांत पहिली आली. ९ जूनच्या रात्री राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी राष्ट्रीय सभा विसर्जित केली, तेव्हा पुढील महिन्यात तोच पक्ष सत्तेवर येणार असे अनेकांनी गृहीत धरले. परंतु दोन फेऱ्यांच्या एकसदस्यीय मतदारसंघांत त्याची आघाडी जागांच्या हिशेबात तिसऱ्या क्रमांकावर राहिली. जागांची तुलना करताना एकूण संख्याही पाहावी: फ्रान्सच्या जागा ब्रिटन बाहेर पडण्यापूर्वी ७४ होत्या, त्यानंतर ७९ झाल्या आणि २०२४ मध्ये ८१.

शेवटी गट

संसदेत सदस्य देशानुसार बसत नाहीत, राजकीय गटानुसार बसतात. गट बनवण्यासाठी किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान एक चतुर्थांश, म्हणजे सध्या ७ देशांतून आलेले असावे लागतात. समितीतील पदे, अहवाल लिहिण्याची जबाबदारी आणि बोलण्याचा वेळ यांचे वाटप गटांच्या आकारानुसार होते, म्हणून देशातील विजयाचे वजन येथेच कळते. रुमानियात सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि नॅशनल लिबरल पक्ष यांनी २०२४ मध्ये संयुक्त यादी लढवून १९ जागा जिंकल्या. त्यांपैकी ११ सदस्य समाजवादी गटात आणि ८ युरोपीयन पीपल्स पार्टीच्या (मध्यममार्गी उजव्या) गटात गेले. यादीची बेरीज पाहून कोणताही एक गट बळकट झाला असे म्हणणे येथे चूक ठरले असते. फ्रान्समधील रेकाँकेत पक्षाचे ५ सदस्य निवडून आले आणि काही दिवसांतच त्यांतील ४ जण पक्षापासून वेगळे झाले. हंगेरीचा फिदेस पक्ष मार्च २०२१ मध्ये युरोपीयन पीपल्स पार्टीच्या गटातून बाहेर पडला आणि २०२४ मध्ये 'पेट्रियट्स फॉर युरोप' या नव्या गटाच्या स्थापनेत पुढे राहिला. म्हणून गटांविषयीचे निष्कर्ष मतमोजणीच्या रात्री काढू नयेत. जुलैमध्ये नव्या संसदेची पहिली बैठक भरेपर्यंत थांबावे. १८ जुलै २०२४ रोजी उर्सुला फॉन डेर लायन यांची युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अध्यक्षपदी पुन्हा निवड झाली, तेव्हा ३६० मते आवश्यक असताना त्यांना ४०१ मिळाली. त्या गुप्त मतदानाआधी जाहीर झालेल्या पाठिंब्यांतून आपल्या अभ्यासाच्या देशातील पक्षांची युरोपातील भूमिका त्यांच्या प्रचारातील घोषणांपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

आपली नोंद पाच वर्षे उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर निवडून न आलेल्या उमेदवारांची नावेही यादीतील क्रमासह लिहून ठेवावीत. एखादा सदस्य राष्ट्रीय मंत्रिमंडळात किंवा आयोगात गेला की त्याची जागा रिकामी होते, आणि यादी पद्धतीच्या देशांत ती सर्वसाधारणपणे त्याच यादीतील पुढच्या उमेदवाराला मिळते. आयर्लंडमध्ये उमेदवारी दाखल करतानाच बदली व्यक्तींची यादी द्यावी लागते, त्यामुळे तेथे ही नावे मतपत्रिकेवर शोधून सापडत नाहीत.