उन्हातल्या पूलमधलं क्लोरीन दुपारपर्यंत गायब होत असेल तर

पाचगावला घरामागं ४० हजार लिटरचा उघडा पूल हाय, दिवसभर ऊन. सकाळी टेस्ट किटवर क्लोरीन ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम), दुपारी जवळपास शून्य, मग पाणी हिरवट. डोस वाढवला, शॉक (एकदम मोठा क्लोरीनचा डोस) दिला, फिल्टरची वाळूपण बदलली, नुसता वैताग.

कारण ऊनच. साधं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हंजे पातळ क्लोरीन) कडक उन्हात तासाभरात निम्मं उडतं, त्याला स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक ॲसिड लागतं.

आधी ते मोजलं, शून्य निघालं. मग १.२ किलो पावडर (१० हजार लिटरला ३०० ग्रॅम, म्हंजे ३० पीपीएम) जुन्या पायमोज्यात भरून फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं तिथं लटकवली, पंप चालू, मोजा अधनंमधनं दाबायचा, लई सावकाश विरघळतं, म्हणून आठवडाभर बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्यानं धुणं) नाही आणि परत मोजायचं ते त्यानंतरच.

आता रोज ऊन उतरल्यावर पंप चालू ठेवून १० टक्केवालं हायपो ८०० मिली, म्हंजे २ पीपीएम. संध्याकाळचं रीडिंग २ च्या खाली आलं तर थोडं जास्त. ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्याच एका प्रकारच्या) गोळ्या मात्र रोज टाकू नका, त्यातनं सायन्युरिक वाढत जातं आणि मग पाणी काढून बदलल्याशिवाय ते कमी होत नाही, उन्हाळ्यात तेवढं टँकर कोण आणणार?