वाचलेलं लक्षात राहत नाही? अभ्यासातल्या या चुका टाळा

"रात्री सगळं पाठ होतं, पेपरात काहीच आठवलं नाही." दहावी-बारावीच्या घरांत हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं आणि लगेच मुलाच्या स्मरणशक्तीवर शिक्का बसतो. बहुतेक वेळा स्मरणशक्ती ठीकच असते. मुलं सगळा वेळ धडा डोक्यात भरण्यात घालवतात आणि तो आठवून लिहिण्याची पहिली वेळ थेट परीक्षेच्या हॉलमध्ये येते.

पुन्हा पुन्हा वाचत राहणं

सगळ्यात मोठी चूक हीच. तिसऱ्यांदा वाचताना धडा ओळखीचा वाटतो, 'हे येतंय मला' म्हणून पान उलटलं जातं. रंगीत पेनाने रंगवलेल्या ओळींचंही तेच. 2006 मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काही उतारे त्यांनी दोनदा वाचले, काही एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासलं, तेव्हा दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं. आठवड्याने मात्र चित्र उलटलं: लिहून काढलेल्यातलं 56 टक्के आठवलं, नुसतं वाचलेल्यातलं 42 टक्के. म्हणून 'रात्री पाठ होतं' असं मूल सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. वाचून उठल्या उठल्या खरंच सगळं आठवत असतं.

यावर उपाय कोऱ्या कागदाचा. दहावीचा भिंगांचा धडा वाचा, पुस्तक मिटा, बहिर्गोल भिंगाची आकृती काढा आणि वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कशी मिळते ते लिहा. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असेल तर प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर, उलटी, तेवढ्याच आकाराची. इथवर हात चालतो. वस्तू नाभी आणि भिंगाच्या मध्ये आणली की अडतो. प्रतिमा वास्तव की आभासी? कुठल्या बाजूला? लगेच पान उघडू नका, दोन मिनिटं डोकं चालवा. मग पुस्तक बघून लाल पेनाने लिहा: आभासी, सुलट, मोठी, वस्तूच्याच बाजूला. असं धडपडून मिळालेलं उत्तर सहसा विसरत नाही. शिवाय उद्या नेमकं काय वाचायचं, तेही लाल शाईतून कळतं.

एका बैठकीत धडा 'संपवणं'

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, मग मंदावतो. त्यामुळे रविवारी सलग तीन तास इतिहास करून महिनाभर तिकडे न फिरकणं तोट्याचं. तेच तीन तास आज, परवा, पुढच्या आठवड्यात आणि महिन्याने असे वाटून घ्या. दुसऱ्या खेपेला बरंच विसरल्यासारखं वाटेल. घाबरू नका, थोडं विसरून पुन्हा आठवलं की ते जास्त पक्कं होतं.

"सुरुवात सांगा, पुढचं येतं मला"

ही घोकंपट्टीची खूण. पाठांतराला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. पाढे आणि कविता पाठच हव्यात. पण 'कारणे लिहा'चं उत्तर गाईडमधून शब्दशः घोकलं, तर एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. आधी मुद्दे समजून घ्या, मग मधल्याच मुद्द्यापासून सांगून बघा.

जिथे नुसता क्रम लक्षात ठेवायचा आहे, तिथे मात्र युक्ती जरूर वापरा. 'तानापिहिनिपाजा'ने कितीतरी पिढ्यांना इंद्रधनुष्याचे रंग दिले. कवितेच्या वृत्तातले गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, ओळखायचं 'यमाताराजभानसलगा' तर फारच सुंदर: य गण हवा असेल तर य पासून तीन अक्षरं घ्या, य-मा-ता, म्हणजे लघु-गुरु-गुरु. गणाचं नाव आणि लक्षण दोन्ही एकाच सूत्रात! अशी सूत्रं स्वतः बनवा, ती जास्त टिकतात.

जागरण

झोपेत दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, परीक्षेच्या आदल्या रात्रीही. अभ्यासाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. लक्षच नसेल तर आठवणार काय?

ऐन पेपरात डोकं कोरं पडलं तर

त्या प्रश्नाशी झटत बसू नका. धड्यातला जो शब्द सुचेल तो कच्च्या कामाच्या जागेत लिहा, पुढचा प्रश्न सोडवा आणि मग परत या. ताण ओसरला की उत्तर बरेचदा आपोआप सुचतं.

गोळ्या आणि पावडरी

आई-बाबा, परीक्षेच्या तोंडावर 'स्मरणशक्ती वाढवणाऱ्या' बाटल्या आणू नका. मूल सतत थकलेलं, फिकट दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासा. वयात येणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास आढळते आणि तिचा परिणाम एकाग्रतेवर होतो. डोळेही तपासून घ्या. फळ्यावरचं अंधुक दिसतंय हे मुलं घरी सांगतातच असं नाही.