हवा असलेला मेल स्पॅममध्ये जातोय?

भाचीच्या मुलाखतीचा मेल जीमेलच्या स्पॅममध्ये पडून होता. तारीख उलटल्यावर सापडला. फार हळहळ वाटली. स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, तेव्हा हे आजच करून ठेवा.

१. स्पॅम उघडा, हवा तो मेल निवडून ‘नॉट स्पॅम’ दाबा.

२. तरी पुढचा मेल तिथेच गेला, तर कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता टाका, ‘क्रिएट फिल्टर’ दाबा. ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक करून पुन्हा ‘क्रिएट फिल्टर’.

पत्ता मात्र अक्षर न् अक्षर वाचून घ्या. बँकेच्या नावाने आलेला, पण शेवटी जीमेल डॉट कॉम असलेला मेल स्पॅममध्येच राहू द्या.