जोडीदाराला शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर निघाला? या चुका टाळा

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी एक जाड फाईल आणली. स्कॅन वेगळे, रक्ताचे रिपोर्ट वेगळे, बिलं वेगळी. आठवडाभरात बायको म्हणाली, "तू हल्ली खोलीत आलास की आधी गोळ्यांचा डबा बघतोस, मग मला." आजार बरा होणारा नाही हे अचानक कळलं की नवरा नवरा राहत नाही, मॅनेजर होतो. बायकांचंही तेच होतं. खालच्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात.

लपवालपवी

डॉक्टरांना बाहेर गाठून "तिला सांगू नका, खचेल" म्हणावंसं वाटतं. पण जिचं शरीर आहे तिला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतोच. मग दोघंही एकमेकांसमोर नाटक करत बसतात. सरळ विचारा: "तुला सगळं ऐकायचंय, की गरजेपुरतं?" उत्तर "गरजेपुरतं" आलं तर तेही चालेल. काही दिवसांनी पुन्हा विचारा, उत्तर बदललेलं असू शकतं. "तू लढवय्यी आहेस" हेही जरा जपून. एखाद्या दिवशी तिला नुसतं रडायचं असतं.

महिन्यांचा आकडा धरून बसणं

"साधारण आठ महिने" हा बहुधा मध्यक असतो: निम्मे पेशंट त्याच्या आत जातात, निम्मे पुढे जगतात. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये निघालेल्या कॅन्सरचा मध्यक आठ महिने होता. ते २००२ पर्यंत जगले. असं क्वचित होतं, त्यामुळे हा किस्सा पेशंटला ऐकवू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: "चांगलं गेलं तर किती आणि वाईट गेलं तर किती?"

पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले, असं समजणं

पॅलिएटिव्ह टीम म्हणजे वेदना आणि बाकीचा त्रास कमी करणारे डॉक्टर-नर्स. ही टीम शेवटच्या आठवड्यात नाही, निदान झाल्या झाल्या हवी, केमो चालू असली तरीही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले १५१ पेशंट होते. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम मिळाली त्यांच्यात नैराश्य कमी होतं, आणि आयुष्याचा मध्यक ११.६ महिने निघाला, बाकीच्यांचा ८.९.

मॉर्फीनची भीती तर आमच्या घरात पक्की बसली होती. सवय लागेल म्हणून मी पहिले दोन डोस लांबवले, आणि ती रात्रभर उशीचं टोक मुठीत आवळून पडली होती. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मॉर्फीन म्हणजे व्यसन नव्हे. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायचं. मध्येच कळ आली तर जादा डोस किती, ते आधीच लिहून घ्यायचं. सुरुवातीला झोप येते, मळमळतं, ते सहसा काही दिवसांत ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या.

"अजून एक घास"

हे मी सगळ्यात जास्त वेळा म्हटलं असेन. ती तोंड फिरवायची, मी चमचा तसाच धरून उभा. पुढे कळलं की या टप्प्यावर आजारानंच भूक मरते, आणि पोटात गेलेलं अन्न शरीराला नीट वापरता येत नाही; जबरदस्तीनं वजन वाढत नाही. मागेल तेव्हा दोन चमचे द्या आणि बाकीची वाटी काही न बोलता उचला.

थांबायचं नाही अशा दोन गोष्टी: केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, किंवा पाठ नव्यानं दुखू लागून पाय लुळे पडले, लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

बँकेची खाती, पासवर्ड, मृत्युपत्र, शेवटी व्हेंटिलेटर हवा की नको, हे तिला बोलता येतंय तोवर उरका.

आणि "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना खरंच सांगा. मी फाईल मेहुण्याकडे दिली. नातेवाइकांना रोज संध्याकाळी एकच मेसेज, तोही तोच करायचा. त्यामुळे सात ते आठ हा तास आमचा उरला. त्यात विशेष काही घडायचं नाही. ती बोलता बोलता मध्येच झोपायची, मी पाय चेपत बसायचो. जाग आली की अर्धवट राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची.