पाळणा लांबवायचाय? मग या चुका टाळा

साधन वापरूनही दिवस गेले की दोष गोळीला नाहीतर तांबीला दिला जातो. गडबड सहसा तारखेत असते, किंवा घरात.

‘छाया’ या आठवडी गर्भनिरोधक गोळीचंच बघा. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल तर रविवार आणि बुधवार हे वार ठरले. तीन महिने आठवड्याला दोन, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी एक. कुणी ती माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळीसारखी रोज घेतं, कुणी महिन्याभरातच एकीवर येतं, दोन्ही चूक. गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांच्या वर उलटले असतील तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छायाने पाळी लांबू शकते, पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर दिवस गेलेत का हे पाहायला लघवीची तपासणी करून घ्या.

माला-एनच्या पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. त्या फेकल्या की नवं पाकीट सुरू करायला उशीर होतो. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी नको, छाया चालते.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडची जोडपी ऊसतोडीला फडावर गेली की नेमकी ही तारीख हुकते. ठरल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत सुई घेता येते. म्हणून गाव सोडण्याआधीच घ्या, कार्ड सोबत ठेवा आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. सुईची जागा चोळू नका, शेकूही नका. सुरुवातीला अधूनमधून डाग जातात, पुढे पाळी थांबूही शकते. ‘घाण आत साचली’ असं सासूबाई म्हणतात आणि दुसरी सुई राहून जाते. साचत काही नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं. मात्र शेवटच्या सुईनंतर गर्भ राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे सुनेबरोबर सासूलाही आधीच सांगावं. निर्णय जिथे होतो तिथे माहिती पोचलेलीच नसते, ही आमच्या मते सगळ्यात मोठी अडचण.

आषाढी वारीआधी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली जाते. तिच्या भरवशावर राहू नका, ती गर्भनिरोधक नाही. वारीतही नेहमीचं साधन चालू ठेवायचं की कसं, हे ती गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता पुरुषांचं. ‘नसबंदीनं ताकद जाते, नांगर धरवत नाही’ हे खोटं. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड काम नको, एवढंच पथ्य. चूक होते ती पुढे: नळीत शुक्रजंतू उरलेले असतात, त्यामुळे तीन महिने निरोध लागतोच. मग वीर्यतपासणी करा. शुक्रजंतू नाहीत असा अहवाल येईपर्यंत निरोध सोडू नका.